खालून वर वाचायची टाकी

मोठ्या फिश टँकसमोर उभा राहिलेला माणूस आधी मासे शोधतो. साहजिक आहे, डोळा हलत्या गोष्टीमागे जातो. पण ज्याला टाकीची खरी गोडी लागली आहे तो मासे सर्वांत शेवटी पाहतो. आधी तो खाली वाकतो, स्टँड फरशीला कुठे टेकला आहे ते बघतो. मग काचेच्या कडेशी पाण्याची रेघ ताडून पाहतो, पाणी कुठून येतं आणि कुठे जातं याचा माग काढतो. एवढं झाल्यावर नजर माशांकडे वळते, आणि तेव्हा मासे वेगळेच दिसतात.

नेरूळमधल्या एका घरातली टाकी मला अशी वाचायची आहे. ती उभी केली माझ्या एका मैत्रिणीने आणि तिच्या सासऱ्यांनी. सासरे, म्हणजे बाबा, यांची उभी हयात बांधकामाच्या साइटवर गेलेली. मैत्रिणीला सह्याद्रीतल्या ओढ्यांचं वेड. तिला हॉलमध्ये ओढा हवा होता आणि बाबांना त्या ओढ्याचं वजन आधी कळायला हवं होतं. या दोघांच्या मागण्यांतून जे उभं राहिलं ते मला घरगुती टाक्यांमध्ये फार वरच्या प्रतीचं वाटतं.

टाकी सहा फूट लांब, अडीच फूट रुंद आणि दोन फूट उंच आहे. पहिली जाण या तीन मापांतच दिसते. हॉलच्या शोभेसाठी बनवलेल्या मोठ्या टाक्या बहुधा उंच आणि अरुंद असतात, कारण त्या भिंतीवर भरदार दिसतात. इथे उंची मुद्दाम रोखली आहे आणि रुंदी वाढवली आहे. मैत्रिणीचं कारण डोळ्याचं होतं. पाण्यातून हवेत येताना प्रकाश वळतो, त्यामुळे काचेसमोर सरळ उभं राहून पाहिलं की आतलं अंतर खऱ्याच्या पाऊणपटच भासतं. दीड फूट रुंदीची टाकी एक फुटाच्या जरा वर वाटते, आणि आतले दगड एका ओळीत मांडून ठेवल्यासारखे दिसतात. अडीच फूट असेल तर डोळ्याला पावणेदोन फुटांच्या थोडी वर जागा मिळते. मग एका दगडामागे दुसरा, त्यामागे सावली आणि सावलीतून पुढे येणारा मासा, एवढं सगळं मावतं. ओढ्याला लांबी लागते तसं पोटही लागतं.

बाबांचं कारण काचेचं होतं, आणि मला ते तितकंच सुंदर वाटतं. पाण्याचा काचेवरचा दाब खोलीनुसार वाढत जातो. वरच्या कडेला तो शून्य, तळाशी सर्वांत जास्त. त्यामुळे पुढच्या काचेवरचा एकूण रेटा उंचीच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. या टाकीत पाणी बावीस इंचांपर्यंत आहे आणि पुढच्या सहा फुटी काचेवर साधारण २९० किलोंचा रेटा आहे. हीच उंची दीडपट केली असती तर रेटा सव्वादोन पट, म्हणजे साडेसहाशे किलोंच्या घरात गेला असता. रुंदीची गोष्ट निराळी. टाकी अडीच फुटांऐवजी पाच फूट रुंद केली तरी पुढच्या काचेवरचा रेटा तेवढाच राहतो, कारण पाणी काचेला ढकलतं ते आपल्या खोलीच्या बळावर. मागे किती पाणी साठलं आहे याचा त्याच्याशी संबंध नाही. सुनेला डोळ्यासाठी हवी होती तीच दिशा काचेलाही सोसणारी निघाली. एकाच मापात दोन्ही साधणं हे चांगल्या रचनेचं लक्षण आहे.

पण रुंदी वाढली की वजन वाढतं, आणि ते सगळं फरशीवर उतरतं.

इथे थोडा हिशोब मांडायलाच हवा, कारण या टाकीचं सौंदर्य त्याच्यापासून सुटं करता येत नाही. आतलं पाणी पावणेआठशे लिटरच्या आसपास, म्हणजे तितकेच किलो. काच बारा एमएमची. तिचं वजन चौरस मीटरला तीस किलो, त्यामुळे नुसत्या काचा आणि वरच्या पट्ट्या मिळून दीडशे किलो. दगड आणि वाळू सव्वाशे किलो. ती जितकं पाणी बाजूला सारतात तितकं वजा केलं तरी ऐंशी किलोंची भर पडतेच. त्यात लोखंडी स्टँड आणि खालचा संप, म्हणजे पाणी गाळायची टाकी. सगळं मिळून सव्वा टनाच्या वर. राहत्या घराच्या खोल्यांसाठी भारतीय मानक ८७५चा दुसरा भाग चौरस मीटरला २ किलोन्यूटन, म्हणजे साधारण २०० किलो, एवढा चल भार धरायला सांगतो. टाकीखालची जागा आहे जेमतेम १.४ चौरस मीटर. म्हणजे तिथे मानकात धरलेल्या भाराच्या चौपटीहून जास्त वजन कायमचं येऊन बसणार.

हे आकडे ऐकून बरेच लोक घाबरून बेत सोडतात. उरलेले आकडे न काढताच टाकी आणतात. बाबांनी यांतलं काहीच केलं नाही. त्यांचं म्हणणं असं की पूर्ण हॉल धरला तर तो याच्या अडीच-तीनपट भार सोसेल असा बांधलेला असतो. प्रश्न वजनापेक्षा जागेचा आहे. स्लॅबच्या मधोमध ठेवलेलं वजन स्लॅबला वाकवतं. बीमच्या डोक्यावर, कॉलमच्या जवळ ठेवलेलं वजन थेट आधारात उतरतं. आणि माणसं येतात-जातात, टाकी उठून जात नाही. सतत एकाच जागी असलेल्या भाराखाली काँक्रीट वर्षानुवर्षं अगदी सावकाश झुकत राहतं. म्हणून त्यांनी सोसायटीकडून इमारतीचा स्ट्रक्चरल नकाशा मिळवला. इमारत तिशीकडे झुकलेली; पंधरा ते तीस वर्षं वयाच्या इमारतीचं दर पाच वर्षांनी स्ट्रक्चरल ऑडिट करायचं असा सोसायट्यांच्या आदर्श उपविधींचा नियम आहे, तो अहवालही त्यांनी वाचला. खाडीकाठच्या खारट हवेत आतली सळई गंजून फुगते आणि वरचं काँक्रीट सुटतं. नवी मुंबईत हा घरोघरचा अनुभव आहे, म्हणून जवळजवळ तीस वर्षांपूर्वीच्या नुसत्या नकाशावर विसंबता येत नाही.

मग ते खालच्या मजल्यावर गेले. हॉलमधली भिंत दिसते म्हणून तिच्याखाली बीम असेलच असं नसतं. चार इंची भिंत पुष्कळदा नुसत्या स्लॅबवर उभी असते. खरं काय ते खालच्या घराच्या छताकडे पाहिल्यावर कळतं. तिथल्या आजींनी त्यांना खुर्ची दिली आणि विचारलं, “अहो, पण पाणी माझ्या डोक्यावर नाही ना येणार?” बाबांनी छताखाली उतरलेला बीम त्यांना हाताने दाखवला आणि म्हणाले, “आजी, वजन इथून तिकडे कोपऱ्यातल्या कॉलममध्ये जाईल. पाण्याचं मी वर बघतो.” नंतर स्ट्रक्चरल इंजिनिअर येऊन सगळं तपासून गेले आणि त्यांनी तसं लेखी दिलं. टाकी आज बरोबर त्या बीमवर, लांबीने बीमच्या रेषेत, कॉलमपासून हातभर अंतरावर उभी आहे. सोफ्यावरून पाहिलं तर ती हॉलच्या मधोमध नाही, जरा उजवीकडे सरकलेली आहे. पहिल्यांदा पाहणाऱ्याला ते खटकतं. मला तो या रचनेतला सर्वांत बोलका निर्णय वाटतो: जागा डोळ्याने निवडलेली नाही, घराच्या हाडांनी निवडली आहे, आणि मग उरलेल्या हॉलने तिच्याशी जुळवून घेतलं आहे.

आता स्टँड. दोन इंची बॉक्स पाइपचा, वेल्डिंग केलेला, रेड ऑक्साइडचे दोन हात आणि वर काळा रंग. सहा पाय आहेत, पण एकही पाय फरशीला टेकत नाही. खाली पूर्ण लांबीची आडवी पट्टी आहे आणि सगळे पाय तिच्यात उतरतात. नुसते सहा पाय टेकवले असते तर प्रत्येकाखाली दोन इंच चौरस जागेत दोनशे किलोंहून जास्त वजन आलं असतं आणि खालून पोकळ राहिलेली एखादी टाइल कधी तरी चटकन तडकली असती. आपल्याकडच्या फरशीला बाल्कनीकडे किंवा दाराकडे ढाळ दिलेला असतो, तोही स्टँडमध्ये हिशोबात धरला आहे. बाबांनी पाणसळ लावून पाहिली तेव्हा सहा फुटांत जवळजवळ पाव इंचाचा फरक निघाला, आणि त्यांनी लोखंडी पट्ट्या घालून तो काढला. पाणी स्वतःच सर्वांत कडक पाणसळ आहे. टाकी तिरकी असेल तर पाण्याची रेघ आणि काचेची कड यांच्यामधली फट एका टोकाला रुंद होत जाते, ते लहान मूलही सांगू शकतं. इथे ती फट या टोकापासून त्या टोकापर्यंत एकसारखी आहे. मी दर वेळी ती पाहते, आणि त्या रेघेने मन स्वस्थ होतं.

सहा फुटी टाकी लिफ्टमधून जात नाही. म्हणून काचा सुट्या आणून टाकी जागेवरच जोडली. जोड पाहण्यासारखे आहेत. दोन काचांमध्ये सिलिकॉनचा थर सगळीकडे सारख्या जाडीचा, त्यात बुडबुडा नाही, कुठे खंड नाही. आत जो दिसतो तो बुरशीनाशक घातलेला बाथरूमचा सिलिकॉन नाही. त्यातलं औषध माशांना मारतं. वाळायला त्यांनी भरपूर दिवस दिले, नंतर पाव टाकी, अर्धी टाकी असं थांबत थांबत पाणी भरलं. पुढच्या काचेवर दोरा ताणून ती किती फुगते ते पाहिलं, मग मधली आडवी पट्टी चिकटवली. वरून उघड्या, बिनपट्टीच्या टाक्यांची सध्या फॅशन आहे आणि त्या दिसतात देखण्या. पण एवढ्या लांबीला बारा एमएमच्या काचेवर मधली पट्टी नको म्हणणं मला पटत नाही.

स्टँडचं दार उघडलं की खाली संप आहे, आणि इथे थोडं रेंगाळायला हवं. उजव्या कोपऱ्यातल्या काचेच्या कप्प्यात वरचं पाणी सांडतं, पाइपने खाली येतं, आधी लोकरीतून, मग स्पंजमधून, मग सिरॅमिकच्या नळकांड्यांच्या थरातून जातं आणि शेवटच्या कप्प्यातली मोटर ते डाव्या बाजूने परत वर चढवते. ही सगळी व्यवस्था तोवर सोपी, जोवर वीज आहे. वीज गेली की मोटर थांबते, आणि वरचं पाणी मात्र ओघळत राहतं. या टाकीत एक इंच पाणी म्हणजे पस्तीस लिटर. संप काठोकाठ भरलेला असेल तर हे पस्तीस लिटर फरशीवर, आणि बाबांनी दाखवलेला बीम असूनही, आजींच्या छतावर. म्हणून संप कायम अर्धाच भरलेला आहे. त्याच्या काचेवर लाल टेपची खूण आहे आणि त्या खुणेवर पाणी कधी न्यायचं नाही. परतीच्या पाइपला पाण्याच्या रेघेच्या जरा खाली एक बारीक भोक पाडलेलं आहे. मोटर थांबून पाणी उलटं ओढलं जाऊ लागलं की पातळी जरा उतरताच त्या भोकातून हवा शिरते आणि ओढ तुटते. एकतर्फी झडपही लावली आहे, पण भरवसा भोकावर आहे. झडपेत शेवाळ अडकतं, भोकात अडकण्यासारखं काही नाही, अधूनमधून काडी फिरवली की झालं.

हे पाहताना मला नेहमी या शहराचे धारण तलाव आठवतात. नवी मुंबईचा बराच भाग खाडीकाठच्या दलदलीवर भर घालून उठवलेला आहे, आणि त्यातली पुष्कळ जमीन भरतीच्या पातळीच्या खाली. सिडकोने डच पद्धतीवर इथे ठिकठिकाणी धारण तलाव खोदले. मोठ्या भरतीला खाडीकडची झडपेची दारं पाण्याच्या रेट्यानेच बंद होतात, समुद्र आत येत नाही. शहरात पडणारा पाऊस तेवढा वेळ तलावात थांबतो आणि ओहोटी लागली की बाहेर जातो. तलाव रिकामा राखून ठेवलेला असतो, हेच त्याचं काम. गाळाने तो भरत गेला की शहर तुंबतं. नेरूळच्या हॉलमधल्या त्या अर्ध्या रिकाम्या संपात आणि वाशी-बेलापूरच्या तलावांत विचार एकच आहे. या गावच्या माणसाने टाकी बांधावी ती अशीच बांधावी, असं मला मनापासून वाटतं.

विजेच्या जोडणीबद्दल एवढंच सांगते की प्रत्येक वायर सॉकेटमध्ये जाण्याआधी खाली झोळ खाऊन मग वर जाते, म्हणजे वायरवरून ओघळलेला थेंब झोळाच्या टोकाला गळून पडतो, सॉकेटपर्यंत पोचत नाही. आणि टाकीच्या बोर्डाला ३० मिलिअँपिअरवर तुटणारं आरसीसीबी आहे. यावर ज्यांनी खर्च केलेला नाही त्यांच्या टाकीत हात घालायला मी तयार नसते.

आता पाणी. नळाला येणारं पाणी मोरबे धरणाचं. खालापूर तालुक्यात, इरशाळगडाच्या पायथ्याच्या परिसरात धावरी नदीवर ते बांधलेलं आहे आणि नवी मुंबई महापालिकेच्या स्वतःच्या मालकीचं आहे. पाणी भोकरपाड्याच्या केंद्रात शुद्ध होऊन शहरात येतं. म्हणजे मुळात ते सह्याद्रीच्या कुशीतलं पावसाचं पाणी, बेसॉल्टवरून वाहून आलेलं, मृदू. लोक याच पाण्यात आफ्रिकेच्या तलावांतले मासे ठेवतात आणि मग त्यांना लागतो तसा क्षारांचा कडकपणा यावा म्हणून पुड्या घालत बसतात. माझी मैत्रीण उलट दिशेने गेली. तिने विचार केला, या पाण्याला कोण ओळखतं? उत्तर नळातच होतं: सह्याद्रीच्या ओढ्यातले मासे. तिला पाण्यातलं क्लोरिन तेवढं काढावं लागतं, त्यासाठी हायपोचे खडे आहेत. दर आठवड्याला दोनशे लिटर पाणी बदललं जातं आणि काढलेलं पाणी सोसायटीच्या झाडांना जातं.

नवी टाकी भरल्यावर महिना-दीड महिना ती माशांवाचून चालवली होती. पाहुणे विचारायचे, मासे कधी आणणार? त्या काळात संपमधल्या सिरॅमिकवर जिवाणूंची वस्ती बसत होती. माशांच्या मलमूत्रातला अमोनिया माशांनाच मारतो. जिवाणूंचा एक गट त्याचं नायट्राइट करतो, तेही विषारीच. दुसरा गट त्याचं नायट्रेट करतो, जे बऱ्याच प्रमाणापर्यंत सोसतं आणि वनस्पती ते खातात. ही वस्ती दिसत नाही, तिला घाई चालत नाही. रिकाम्या, उजळलेल्या, नुसत्या दगड-पाण्याच्या त्या टाकीसमोर बसण्यातही आनंद होता, आणि मला वाटतं रचनेचे गुणदोष तेव्हाच सर्वांत स्पष्ट दिसत होते.

दगड बेसॉल्टचेच आहेत, पाण्याने झिजलेले काळे गोटे आणि दोन मोठ्या शिळा. आपला काळा दगड पाण्यात काही सोडत नाही असं धरून चालतात आणि बहुतांशी ते खरं आहे, पण दख्खनच्या बेसॉल्टच्या पोकळ्यांत झिओलाइटबरोबर कॅल्साइटही भरलेलं सापडतं, आणि ते पाण्यात हळूहळू विरघळून त्याला कडक करतं. मैत्रिणीने प्रत्येक दगडाच्या पांढऱ्या ठिपक्यावर व्हिनेगरचा थेंब टाकला. फेस आला तो दगड बाद. मांडणीत तिने जपानच्या ताकाशी अमानो यांच्याकडून एक गोष्ट घेतली आणि एक सोडली. १९५४ साली जन्मलेल्या अमानोंनी टाकीला निसर्गचित्राची दृष्टी दिली. २०१५ साली, ज्या वर्षी ते गेले त्याच वर्षी, लिस्बनच्या मत्स्यालयात त्यांची चाळीस मीटर लांब आणि १ लाख ६० हजार लिटरची टाकी उघडली. मुख्य दगड कधी मधोमध ठेवायचा नाही आणि बाकीचे दगड एकाच प्रवाहाने झिजल्यासारखे एका दिशेला झुकवायचे, ही शिस्त तिने तिथून घेतली. हिरव्या गालिच्यासारखी कातरलेली पुढची जमीन मात्र सोडली, कारण आपल्या ओढ्यात तसं काही नसतं. इथे पुढे वाळू आणि गोटे आहेत, मागे लांब पट्ट्यांसारख्या पानांची व्हॅलिसनेरिया आणि दगडांच्या कुशीत क्रिप्टोकोरायनी, जिच्या काही जाती कोकणातल्या नद्यांच्या पात्रात राहतात. लावल्यावर क्रिप्टोकोरायनीची सगळी पानं गळून चिखल झाली होती. ती उपटून न टाकता तिने थांबायचं ठरवलं. मुळांतून नवी पानं आली ती आधीच्यांपेक्षा अरुंद, गडद आणि या पाण्याची.

प्रकाश सगळीकडे सारखा नाही. डाव्या बाजूचा एक तृतीयांश भाग सावलीत आहे, काठावरचं जांभूळ ओढ्यावर वाकलेलं असावं तसा. दिवे सात-आठ तासांच्या वर चालत नाहीत. जास्त चालले की काचेवर शेवाळ धरतं. मे महिन्यात पाणी एकतीस अंशांपर्यंत चढतं. पाणी जितकं तापतं तितका त्यात ऑक्सिजन कमी मावतो. वीस अंशांना लिटरमागे नऊ मिलिग्रॅम, तर तीस अंशांना साडेसात. पृष्ठभागावर पंखा लावला तर बाष्पीभवनाने पाणी दोन अंश उतरतं, पण जूनमध्ये हवाच पाण्याने भरलेली असते तेव्हा पंख्याचा उपयोग राहत नाही. तेव्हा उजव्या कोपऱ्यातून संपमध्ये कोसळणारं पाणी कामाला येतं; ते कोसळताना हवा घेतं. खळखळाट थोडा कमी करावा असं काही पाहुणे सुचवतात. माझं मत स्पष्ट आहे: ओढा हवा असेल तर त्याचा आवाजही हवा.

आणि आता मासे. वीसेक देवारिओ, ज्यांना दुकानात जायंट डॅनिओ म्हणतात. निळ्या अंगावर पिवळ्या रेघा, बोटभर लांब. आणि आठ फिलामेंट बार्ब, शेपटीजवळ काळा ठिपका, नरांच्या पाठीच्या पराचे काटे धाग्यांसारखे लांबलेले. दोन्ही पश्चिम घाटातल्या पाण्याचे, दोन्ही टाकीत पैदास झालेले, क्रॉफर्ड मार्केट-कुर्ल्याकडे सहज मिळणारे आणि म्हणून महागड्या माशांच्या शौकिनांनी दुर्लक्षिलेले. सह्याद्रीचं नाव ज्या प्रजातीला २०१३ साली मिळालं ती सह्याद्रिया डेनिसोनी, लाल रेघेचा तो देखणा मासा, या टाकीत नाही. जगभरच्या टाक्यांसाठी नद्यांतून तो इतका उपसला गेला की आज तो धोक्यात आलेल्यांच्या यादीत आहे. ओढ्यातून स्वतः मासे पकडून आणण्याचा मोहही मैत्रिणीने टाळला. आंबोलीला हिरण्यकेशीच्या उगमापाशी २०२० साली एका नव्या माशाची, शिस्टुरा हिरण्यकेशीची, नोंद झाली आणि दुसऱ्या वर्षी सरकारने ती जागा जैवविविधता वारसा स्थळ म्हणून जाहीर केली. एकेका कुंडापुरता उरलेला असा जीव अजून किती ओढ्यांत असेल, आणि जाळं घेऊन गेलेल्या हौशी माणसाला तो ओळखू येईलच असं नाही.

मोटरचं पाणी डावीकडून येतं आणि उजवीकडे सांडतं. देवारिओ प्रवाहाकडे तोंड करून पोहतात, म्हणजे सगळा थवा कायम डावीकडे पाहत असतो, आणि घराचं दार डावीकडे आहे. आत येणाऱ्याला वीस मासे सामोरे येतात. हे योगायोगाने झालेलं नाही. सांडवा कोणत्या कोपऱ्यात बांधायचा हे काच कापण्यापूर्वी ठरवावं लागतं, तेव्हाच तिने ते ठरवलं. तारापोरवाला मत्स्यालयात, १९५१पासून मरीन ड्राइव्हवर पिढ्यान्‌पिढ्या मुलांनी पाहिलेल्या त्या अंधाऱ्या दालनात, प्रत्येक खिडकी चित्रासारखी भिंतीत बसवलेली होती आणि यंत्रं भिंतीमागे होती. घरात भिंतीमागे जागा नसते. यंत्र पायाशी असतं, आणि ते नीट बांधलं असेल तर माशांच्या चालीतून दिसत राहतं.

फिलामेंट बार्ब प्रवाहात फार राहत नाहीत. ते मागच्या सावलीतून निघून दगडांमधून पुढे येतात, एक वळण घेतात आणि परत जातात. अडीच फुटांची रुंदी तिथे खऱ्या अर्थाने वापरली जाते. दोन नर धागे उभारून एकमेकांना बाजू दाखवत फिरतात, मारामारी होत नाही, नुसतं प्रदर्शन. त्याला मोकळी जागा लागते, आणि माझा एकमेव आक्षेप इथेच आहे. डाव्या मागच्या कोपऱ्यातली दुसरी शिळा नको होती. तिने तो कोपरा जड झाला आहे, प्रवाह तिच्यावर आपटून दुभंगतो आणि तिच्यामागे काडीकचरा साठतो, जो नळी घालून उपसावा लागतो. शिवाय बार्ब परत वळतात ती वाट तिने निम्मी केली आहे. मी हे मैत्रिणीला सांगितलं आहे. तिचं म्हणणं, लहान नराला मोठ्यापासून दडायला तीच एक जागा आहे. शिळा काढली तर तो दिवसभर पळत राहील. बाबा तिच्या बाजूने आहेत, पण त्यांचं कारण वेगळं: ती शिळा नेमकी बीमवर बसली आहे.